धूर आमचा, नोकरी पद्माची

अन्याय पद्मा नावाच्या बाईवर झाला. श्रीलंकेत, एल्ला नावाच्या डोंगरी गावात, आमच्या सहलीच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, संध्याकाळचा चहा झाल्यावर लगेच. करणारे आम्ही होतो. शिक्षा देणारा हॉटेलचा मॅनेजर होता. हे आधीच सांगून टाकते, कारण सहलीबद्दल लिहिणारे लोक पहिली दोन पानं विमानाच्या खिडकीवर घालवतात आणि मुद्दा पुढं मसाल्याच्या बागेत कुठंतरी हरवतो.

हॉटेलचं नाव लिहिणार नाही. लिहून कुणाचं भलं होईल असं वाटत नाही, वाईट मात्र होऊ शकतं.

आम्ही म्हणजे पाच जण. अण्णा, माझा थोरला भाऊ, हायस्कूलला गणित शिकवतो. वहिनी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवते. त्यांची मनू चार वर्षांची. आईनं आमच्या गावच्या, कंग्राळीच्या, शिवाराबाहेर कोल्हापूर, सौंदत्ती आणि निपाणीजवळचं माहेर, एवढंच बघितलेलं. आणि मी. बेळगावात घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेसाठी मी पत्रकं लिहिते आणि ती वाटायलाही मीच जाते. मला नेलं ते मनूला धरायला. अण्णानं हे लपवलं नाही. "तिकीट मी काढतो तेजू, पण पोरगी तुझ्याकडं," असं त्यानं जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. बिनपगारी कामाबद्दल मी त्याला दोन वाक्यं सुनावली. तिकीट घेतलं.

कँडी

अण्णानं परदेशातला पहिला फोटो काढला तो रस्त्यावरच्या पाटीचा. सिंहली, तमिळ, इंग्रजी. गावाचं नाव तिन्ही लिप्यांत, तिन्ही सारख्या उंचीच्या, कुठंही डांबर फासलेलं नाही. बेळगावच्या माणसाला असली पाटी दिसली की तो गाडी थांबवतो. आम्हीही थांबवली.

"ह्येंच्यात भांडणं न्हाईत व्हय?" अण्णानं विचारलं.

आमचा ड्रायव्हर निमल दुबईत आपल्याकडच्या लोकांबरोबर राहिलेला, त्यामुळं हिंदी फाडफाड बोलायचा. त्याचं बोलणं मी इथं मराठीत देते आहे. तो म्हणाला, "साहेब, युद्ध झालं आमच्यात. पाट्या मागून आल्या."

अण्णानं मोबाईल खिशात घातला.

खाण्याचं बरं होतं. सकाळी वाटीच्या आकाराचे डोसे मिळतात, कडेला कुरकुरीत, बुडाला मऊ. त्यांना ते आप्पंच म्हणतात, पण आपले आप्पे डोळ्यांपुढं आणून बसलात तर फसाल. ओल्या खोबऱ्यात लाल मिरची आणि लिंबू वाटून एक चटणी सगळ्याबरोबर देतात. आईनं चाखली, डोळे मिटले आणि तिला खोबऱ्याचा खर्डा असं नाव देऊन टाकलं. घरून आणलेला खर्डा तिनं त्या दिवशी उघडलाच नाही. तांबडा भात मात्र तिला पटला नाही. "ह्यो भात शिजलाय का न्हाय त्येच कळंना," म्हणाली, आणि दोनदा घेतला.

मोठ्या देवळात चपला बाहेर काढायच्या होत्या आणि फरशी तव्यासारखी तापलेली. सगळे भाविक शांतपणे चालत होते. आम्ही पाचही जण टाचांवर उड्या मारत गाभाऱ्यापर्यंत पोचलो. देवळात येणारे लोक पांढऱ्या कपड्यांत. त्यात मनूला आईनं जरीकाठी परकर-पोलकं घातलेलं, डोक्याला गजरा, गालाला काजळाची तीट. जे व्हायचं तेच झालं. शाळेच्या मुलींनी तिला मध्ये घेऊन फोटो काढले. मग त्यांच्या बाईंनी. मग कुठल्या तरी गोऱ्या म्हाताऱ्यांचा एक अख्खा गट थांबला.

दुसऱ्या दिवशी नदीवर हत्तींची आंघोळ बघायला गेलो. हत्ती पाण्यात आडवे पडतात आणि माहूत नारळाच्या सोडणानं त्यांना घासतात, आमच्याकडं गणेबैलात म्हशी घासतात तसंच. पण तिथं आलेले निम्मे लोक हत्तींकडं पाठ करून मनूचे फोटो काढत होते.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "किती जणांनी बघायचं गं एका लेकराकडं."

त्या दुपारपासून मनूनं खाणं बंद केलं. आप्पं नको, भात नको, केळं नको. बिस्किटाचा एक कोपरा तोंडात धरून ती दोन तास बसली. ताप नव्हता, पोट बिघडलेलं नव्हतं. वहिनी म्हणाली प्रवासानं होतं असं. अण्णा म्हणाला उपाशी राहिली की मागंल. आई काही म्हणाली नाही, आणि आई काही म्हणत नाही तेव्हा तिनं ठरवलेलं असतं.

एल्ला

एल्लाला आम्ही रेल्वेनं गेलो आणि निमल सामान घेऊन गाडीनं. चहाचे मळे, धुकं, धबधबे. फोटोत दिसतात तसेच आहेत, त्यावर माझी काही तक्रार नाही.

हॉटेल डोंगराच्या कडेला होतं. पद्मा आम्हाला भेटली ती खोलीच्या दारात. चाळिशीची, बारीक, केसांचा घट्ट अंबाडा, हातात जादा उशी. तिनं मनूच्या गालावरून बोट फिरवलं, "बबा, बबा", म्हणजे बाळ, असं म्हणाली आणि तिटेकडं बघून हसली. आईनं तिला सरळ "आक्का" म्हणून हाक मारली. ती वळली. त्यांच्यातही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे निमलनं नंतर सांगितलं. उशी ठेवून ती शेजारच्या कपड्यांच्या खोलीत गेली. तिथं ती चादरींच्या घड्या घालत बसायची.

चहा झाल्यावर अण्णा आणि मी दही आणायला बाजारात गेलो. तिकडं म्हशीचं दही मातीच्या पसरट मडक्यात लावतात आणि वरून माडाच्या रसाची काकवी घालून खातात. मनू तेवढं तरी खाईल असं आम्हाला वाटलं. वहिनीचं डोकं दुखत होतं, ती झोपलेली. मनू तिच्याजवळ. आई मोकळी होती.

मागं काय झालं ते आईनं आम्हाला संध्याकाळी सांगितलं. पण इथं क्रमानंच लिहिते.

आईनं कंग्राळीहून एका पुरचुंडीत खडेमीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या आणलेल्या. पूजेच्या डबीतला कापूर होता. काडेपेटी तिनं कँडीच्या टपरीवरून घेतलेली, निव्वळ खुणा करून. मनूला उठवून तिनं पूर्वेकडं तोंड करून बसवलं, मूठ तिच्यावरून उतरली आणि म्हणाली, "विमानातल्या बाईची, देवळातल्या पोरींची, गोऱ्याची, काळ्याची, हत्तीवाल्याची, चादरीवालीची, कुणाची लागली असंल ती जळून जाऊ दे." मग डब्याच्या स्टीलच्या झाकणात कापूर पेटवून सगळं त्यात टाकलं.

आई बेसावध बाई नाही. धूर खोलीत नको म्हणून हे सगळं तिनं बाथरूममध्ये, दार लावून केलं आणि भिंतीतला पंखा सुरू केला.

आता ज्यांच्या घरी दृष्ट काढत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मिरच्या जळल्या की ठसका लागतो. ठसका लागला तर दृष्ट नव्हती. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट होती आणि जबरदस्त होती. आईला ठसका लागला नाही. पंखा सगळा धूर ओढून घेत होता, पण तो हिशेब त्या घडीला कोण करणार? आई हबकली. लेकरावर एवढी दृष्ट! तिनं उरलेल्या सगळ्या मिरच्या काढल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मडकं घेऊन आम्ही परत आलो तेव्हा हॉटेलचा भोंगा वाजत होता आणि सगळे पाहुणे बाहेर हिरवळीवर उभे होते. एक जर्मन जोडपं होतं, त्यातला नवरा नुसत्या टॉवेलवर. माणसं खोकत होती, डोळे पुसत होती. वहिनी मनूला कडेवर घेऊन घाबरलेली. आई शांत उभी, पदर नीट घेतलेला. एकट्या तिलाच खोकला नव्हता.

थोड्या वेळानं मॅनेजर आला. तरणा, कडक इस्त्रीचा शर्ट, इंग्रजी झकास. स्टाफपैकी कुणाच्या तरी बेपर्वाईनं कपड्यांच्या खोलीत धूर झाला, तुमच्यासोबत लहान मूल आहे, तुम्हाला त्रास झाला, आम्हाला लाज वाटते, असं तो म्हणाला. मग त्यानं खोलीवर अननसाचा केक पाठवला.

मनूनं अर्धा केक खाल्ला आणि मडक्यातलं निम्मं दही. "बघ, उतरली का न्हाय?" आई म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. मी बाथरूममध्ये जाऊन बघितलं, तर बेसिनखाली काळं पडलेलं झाकण. अण्णा हसून हसून पलंगावर आडवा झाला. वहिनी हसली. मीही हसले. आमच्याच धुराबद्दल आलेला केक आम्ही पाच जणांनी संपवला. स्टाफपैकी कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

पुलाजवळ

बुधवारी सकाळी नऊ कमानींचा दगडी पूल बघायला निघालो. निमल एरवी गाडीत बसल्यापासून बोलायला लागायचा, त्या दिवशी गप्प होता. मी विचारल्यावर म्हणाला, "आमच्या गावची एक बाई तुमच्या हॉटेलात होती. पद्मा. काल तिला काढून टाकलं."

का, ते त्यानं सांगितलं. धूर निघाला कपड्यांच्या खोलीतून आणि तिथं पद्मा एकटीच. मॅनेजरनं स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर तिला विचारलं. ती म्हणाली, मी काही जाळलं नाही, पण हा वास मला माहीत आहे. मिरची, मोहरी आणि मीठ. कुणीतरी लेकराची दृष्ट काढली आहे. त्यांच्याकडं दृष्टीला डोळ्याचं विष म्हणतात आणि तीही असंच काढते. यावर मॅनेजर म्हणाला, विमानानं आलेले पाहुणे असलं काही करत नाहीत, हे तुम्ही खेड्यातले लोक करता. तुला वास ओळखता आला म्हणजे तूच केलंस. संध्याकाळच्या बसनं तिला घरी पाठवलं.

तिला खरं काय ते कळलं होतं आणि तेच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरलं. घरकामवाल्या बायकांच्या बाबतीत मी हे बेळगावात हजार वेळा बघितलंय. फरक एवढाच, की दर वेळी मी बाईच्या बाजूला उभी असते. या वेळी मी केकच्या बाजूला होते.

पुलावरून आगगाडी जायची वेळ झाली होती, लोक मोबाईल वर धरून उभे होते. आम्ही कठड्याच्या मागं उभं राहून भांडलो. आई चहाच्या मळ्यात उतरली होती. तंबाखूची पानं खुडत वाढलेली बाई, चहाची पानं बोटांत चोळून बघत होती.

"परत जाऊन सांगायचं," मी म्हणाले.

"काय सांगायचं?" अण्णा चिडला. "आमी आग लावली म्हणून? तेजू, हे बेळगाव न्हवं. हितं आपलं कोण हाय? पोलिसात दिलं तर? पासपोर्ट काढून घेतले तर? पोरगी हाय संगं."

"मग त्या बाईचं काय?"

"मी निमलच्या हातात काहीतरी देतो, त्यो तिला पोचवील."

"म्हणजे भीक घालणार."

"तू पत्रकातलं बोलू नगंस हितं. तुझी पत्रकं कडोलीत वाट."

मी वहिनीकडं बघितलं. ती मनूच्या चपलेचा पट्टा लावत होती. खूप वेळ लावत होती. शेवटी म्हणाली, "पंखा कुठं उघडतो, ते मला कालच कळायला पायजे हुतं. मी हसत बसले." मग अण्णाला म्हणाली, "आईंना सांगूया."

"आईला एक अक्षर सांगायचं न्हाय," अण्णा म्हणाला. "तिला लागून राहील. जलमात एकदा फिराय आणलंय."

मी मळ्यात उतरले आणि आईला सांगितलं. सगळं, निमलनं सांगितलं तसं.

आईनं हातातलं पान टाकलं नाही. विचारलं, "कोण? ती उशी आणून दिलेली आक्का?"

"व्हय."

ती बांधावर बसली. म्हणाली, "तिचं पन नाव घेतलंतं गं मी. उतरताना. चादरीवालीची म्हटलंतं." मग उठून म्हणाली, "अण्णाला म्हणावं गाडी काढ."

काउंटर

मॅनेजर काउंटरवर होता. आई पुढं झाली आणि मराठीत म्हणाली, "ओ सायेब, ती धुराची भानगड मी केलीया. त्या बाईचा काय संबंध न्हाय." निमलनं सिंहलीत सांगितलं. मी इंग्रजीत सांगितलं.

मॅनेजर हसला, अगदी आदबीनं. मला म्हणाला, "तुमच्या आईचं मन मोठं आहे. पण स्टाफची चूक पाहुण्यांनी अंगावर घ्यायची गरज नाही." मग निमलकडं वळून सिंहलीत काहीतरी तोडून बोलला. ती तुझ्या गावची आहे आणि तूच या लोकांना पढवून आणलंस, असं तो म्हणाल्याचं निमलनं आम्हाला सांगितलं.

थोडक्यात, आम्ही गुन्हा कबूल करत होतो आणि तो आम्हाला गुन्हेगार मानायलाच तयार नव्हता. मी अनेक साहेबांसमोर खोट्या आरोपांविरुद्ध भांडले आहे. खरा आरोप स्वतःवर लावून घेण्यासाठी भांडायची ही पहिलीच वेळ.

मी बोलायला तोंड उघडलं, तर आईनं मला हातानंच गप्प केलं. म्हणाली, "सैपाकघरातनं मीठ-मोहऱ्या आन म्हणावं. कसं केलं ते दावूया."

आचारी वाटी घेऊन आला, त्याच्यामागं स्वयंपाकघरातली चारपाच माणसं दारात जमली. आई काउंटरच्या मागं गेली. मूठ भरली आणि मॅनेजरच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरायला लागली. "आल्यागेल्या पावण्याची, हाटेलाच्या मालकाची, घरच्याची, दारच्याची..." दारातली माणसं हसली. मॅनेजरही हसत होता. पण आईची मूठ दुसऱ्या फेऱ्याला वर गेली तसं त्यानं मान थोडी खाली घातली आणि हात जवळ घेतले. कुणी न सांगता. लहानपणी ज्याची दृष्ट काढलेली असते तोच अशी मान घालतो. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण हसणं थांबलं. दारातल्यांचंही थांबलं.

वहिनीनं वेळ घालवला नाही. ती त्याला म्हणाली, "आमच्या खोलीत चला." बाथरूममध्ये तिनं आईच्या पूजेच्या सामानातल्या चार उदबत्त्या एकदम पेटवल्या, दार लावलं, पंखा सुरू केला आणि त्याला घेऊन शेजारच्या कपड्यांच्या खोलीत गेली. मीही गेले. फडताळावर चादरींच्या घड्या होत्या, पद्मानंच घातलेल्या असणार. छताजवळच्या जाळीतून उदबत्तीचा धूर शांतपणे खाली उतरत होता. वर्गात शिकवावं तसं वहिनीनं त्याला समजावलं, की या दोन खोल्यांची धुराची वाट एकच आहे आणि ती बांधणाऱ्यानं चुकीची बांधली आहे.

त्यानं धुरात हात धरून बघितला. मग म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका. तुमच्याकडून काहीही भरून घेतलं जाणार नाही."

"आम्ही आमच्यासाठी आलो नाही," मी म्हणाले. "तिला परत बोलवा."

"ते मालक ठरवतील. मालक कोलंबोत असतात."

हे वाक्य मला पाठ आहे. बेळगावात मालक बेंगळूरला असतात, निपाणीत बेळगावला. जिथं माणूस उभा असतो तिथं ठरवणारा कधीच नसतो.

मी हे आईला सांगितलं. आई बाहेर गेली आणि हॉटेलच्या पायऱ्यांवर मधोमध बसली. "त्येला म्हणावं, फोन कर. तवर मी हितंच बसतो." आमच्याकडं बायका असंच बोलतात, जातो, येतो, बसतो. क्रियापदांची ही रूपं धरणं धरायला फार सोयीची आहेत.

मी बरीच धरणी बघितली आहेत. फलक असतात, भोंगा असतो, वार्ताहर येईपर्यंत कुणी घोषणा देत नाही. इथं एक बाई होती आणि शेजारी नात, दगड मोजत बसलेली. टॉवेलवाला जर्मन बाहेर निघाला होता, त्या दिवशी पूर्ण कपड्यांत. त्यानं मला काय चाललंय विचारलं. मी सांगितलं. त्यानं बायकोला सांगितलं. दोघं आईच्या मागच्या पायरीवर बसली. नवे पाहुणे आले ते सामान घेऊन या सगळ्यांना वळसा घालून आत गेले आणि आत जाऊन विचारायला लागले, की बाहेर हे काय आहे.

तेव्हा अण्णा उठला. पुलावरून परत आल्यापासून तो गाडीत बसून होता. तो मॅनेजरकडं गेला आणि शाळेत पोरांशी बोलतो त्या आवाजात म्हणाला, "आम्ही उद्या सकाळी जाणार आहोत. माझी आई तोपर्यंत बसेल. मी तिला ओळखतो." मग येऊन आईच्या शेजारी बसला. मला म्हणाला, "बघालीस काय? बस की."

शेवटी मालकांशी बोलून मॅनेजर फोन घेऊन बाहेर आला. त्यानं पद्माला फोन लावून स्पीकर चालू ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. परत ये म्हणून तो तिला बराच वेळ सांगत होता. मग पद्मानं एक छोटा प्रश्न विचारला. निमल आम्हाला म्हणाला, "विचारते, मूल जेवलं का?"

"जेवलं म्हणावं," आई म्हणाली. "मडकंभर दही खाल्लं. आनि तिला म्हणावं, माझं चुकलं."

निमलनं सांगितलं. मग पद्मा बोलली, आता जरा मोठ्यानं, आणि हॉटेलच्या दारात जमलेली स्वयंपाकघरातली माणसं खाली बघायला लागली. निमलनं सांगितलं त्याचा अर्थ असा: मी काल सगळ्यांसमोर खरं सांगितलं, तेव्हा हे सगळे हसले. त्याच माणसांसमोर यानं म्हणावं की मी खरं बोलत होते. मग येईन.

मॅनेजर म्हणाला, म्हणेन.

"आत्ता म्हण," आई मराठीतच म्हणाली. याचं भाषांतर निमलनं केलं नाही, गरजही नव्हती. मॅनेजर वळला. ती माणसं समोरच होती. सिंहलीत दोन वाक्यं बोलला. फोन चालूच होता. आम्हाला शब्द कळले नाहीत, पण आचारी मान हलवत होता.

पद्मा त्या दिवशी आली नाही. निमल म्हणाला, आज येणार नाही म्हणते. यायला तिच्यावर कुणाचं बंधन नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा आमच्या खोलीत उशा द्यायला दुसरीच एक मुलगी होती. पद्मा आम्हाला पुन्हा दिसली नाही.

समुद्र

शेवटचे दोन दिवस दक्षिणेच्या किनाऱ्यावर काढले. आई गुडघाभर पाण्यात उभी राहिली, लाट आली की मनूला उचलायची आणि दोघी ओरडायच्या. मासे ताजे होते. मनू सगळं खात होती. कुणीही फोटो मागितला तर अण्णा सरळ नाही म्हणायचा. हे त्यानं पहिल्या दिवशी केलं असतं तर बरं झालं असतं, असं मी त्याला सांगितलं. "तू बोलू नगंस," तो म्हणाला, पण हसून.

घरी आल्यावर आठवड्याभरानं निमलचा फोन आला. पद्माला परत घेतलंय. पण खोल्यांच्या मजल्यावर नाही. मागच्या आवारात, उघड्यावर, चादरी धुवायला. मॅनेजरचं म्हणणं, पाहुण्यांमध्ये चर्चा झाली आहे, काही दिवस ती समोर नको. किती दिवस, ते त्यानं सांगितलं नाही. म्हणजे तिची चूक नव्हती हे सगळ्यांना मान्य आणि शिक्षा चालूच. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग झालं काय? काईच झालं न्हाय." मी त्या हॉटेलला फोन करते. दर सोमवारी करते. मॅनेजर आता माझा आवाज ओळखतो. मी एकच विचारते, पद्मा वर कधी येणार.

एकटीचा फोन टाळता येतो. असे फोन ठिकठिकाणच्या हॉटेलांना यायला लागले तर ते टाळता यायचे नाहीत, म्हणून हे लिहिलं.

तुमच्यातले पुष्कळ जण सुट्टीत कुठं ना कुठं जाऊन आले आहेत. कुठल्या तरी खोलीत तुमच्या पोरानं गादी ओली केली असेल, नळ तोडला असेल, भिंतीवर रेघा ओढल्या असतील, तुम्ही इस्त्रीनं चादर जाळली असेल आणि काही न बोलता किल्ली देऊन निघाला असाल. तुम्हाला कुणी विचारलं नाही. कारण विचारायला दुसरं कुणीतरी होतं. त्या हॉटेलचा नंबर तुमच्या मोबाईलमध्ये अजून आहे. तो काढा. फोन लावा. आम्ही गेल्यावर आमच्या खोलीवरून कुणाला काही बोललात का, एवढं विचारा. बोलले असतील तर तुमच्याकडून काय झालं ते सांगा, आणि त्या माणसाला त्याच्या जागेवर परत बसवल्याशिवाय फोन ठेवू नका. हे वाचून झालंय. आता लावा.